भरिताला बोलावलेला उपग्रह

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर मुद्द्याचं बोलायची सवय नाही. आधी हवामान, मग म्हशीची तब्येत, मग आईचे गुडघे, आणि मुद्दा सांगायच्या आत फोन बंद. त्या थंडीत मात्र त्यांचा फोन आला तो थेट मुद्द्यालाच हात घालणारा. शनिवारी येताना वांगी आण, म्हणाले. हिरवी, मोठी, जळगावची. किती आणू असं विचारलं तर म्हणाले, "पोतंभर."

मी जळगावला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माहेर नरडाण्याजवळच्या एका खेड्यात. मध्ये पॅसेंजरचा थोडा प्रवास आहे, पण मी तिकडे जाते ती वाऱ्यासारखी, आणि येते तीही तशीच. शनिवारी दुपारी पोचायचं, रविवारी सकाळची गाडी पकडायची. आई दर वेळी दारातच म्हणते, "ऊनी नही ते निंघनी." आली नाही तोच निघाली, असा त्याचा अर्थ. तिचं म्हणणं खरं असल्यामुळे मला त्याचा रागही येतो.

तर पोतं घेऊन गाडीत बसले. वांग्याचं पोतं घेऊन खानदेशात प्रवास करणं म्हणजे पाठीवर निमंत्रणपत्रिका चिकटवून फिरणं. थंडी पडली की आमच्याकडे शेतात भरीत होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक. धरणगावला चढलेल्या एका गृहस्थांनी पोत्याला हात लावून पाहिला, वांगी चांगली असल्याचा दाखला दिला आणि कुणाकडे आहे म्हणून चौकशी केली. अमळनेर येईपर्यंत डब्यातल्या निम्म्या लोकांनी मिरच्या किती घालाव्यात यावर आपापलं मत दिलं होतं. भरीत नेमकं कशासाठी आहे, हे मात्र मलाच ठाऊक नव्हतं.

ते नरडाणा स्टेशनाबाहेर कळलं. आबा मोटरसायकल घेऊन आले होते. पुढे आबा, मध्ये पोतं, मागे मी. पोत्याच्या पलीकडून आबांनी मान न वळवता सांगितलं की आज संध्याकाळी अख्खं गाव आपल्या शेतात येणार आहे, भरीत खायला आणि माझा उपग्रह बघायला.

इथे मला थोडं मागे जाऊन सांगावं लागेल.

उपग्रह माझा नाही. परदेशी लोकांनी आकाशात सोडलेली ती एक दुर्बीण आहे. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण ती टिपते. तिने पाठवलेल्या नोंदी जगभरातले लोक तपासतात, आणि त्या ढिगातला एक चिमूटभर भाग घेऊन मीही जळगावला बसलेली असते. पण हे सगळं गावात पोचेपर्यंत "आबांच्या पोरीचं यंत्र आभाळात आहे" एवढंच उरलं. आबांना तर त्या यंत्राचा लळाच लागला. नातवंडांची चौकशी करावी तशी ते फोनवर त्याची चौकशी करतात. आज कुठे आहे? लांब आहे की जवळ? काही दिवसांपूर्वी असंच विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं होतं, येत्या शनिवारी सूर्य मावळताना ते आपल्या पूर्वेला उगवेल आणि रात्रभर आपल्याच आभाळात असेल. शिक्षकाच्या तोंडाला कुलूप नसतं, त्याचे असे भोग असतात.

त्यातच नानांचा ड्रोन आला. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ, शेताला शेत लागून. लहानपणापासून दोघांची चढाओढ आहे आणि एकमेकांवाचून दोघांना करमतही नाही. नानांच्या सुनेनं ड्रोन उडवायचं शिक्षण घेतलं आणि एके दिवशी तिने हरभऱ्यावर ड्रोननं फवारणी केली. सगळं गाव बांधावर जमलं. नाना मिशीला हात लावत उभे होते. परतताना त्यांनी आबांना सहज म्हणून टोमणा मारला, "तुनी आंडेरनं यंत्र भो आमले काही कव्हय दिखनं नही." आंडेर म्हणजे मुलगी; तुझ्या मुलीचं यंत्र आम्हाला काही कधी दिसलं नाही. एवढं पुरलं. आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "बठ्ठा गावले दखाडसू! शनवारले भरीत खावाले या नी दखी जा." सगळ्या गावाला दाखवीन, म्हणाले.

हे मला मोटरसायकलवर, पोत्याआडून, तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मी म्हटलं, "आबा, ते डोयाले दिखत नही."

गाडी थोडी हळू झाली. मग आबा म्हणाले, "बारीक दिखत व्हई."

"बारीक पन नही."

आबांनी गाडीचा वेग पुन्हा वाढवला. आमच्याकडे दिलेला शब्द मोडायची पद्धत नाही, आणि भरिताचं आवतण दिलेलं तर मुळीच मोडत नाहीत. लोक भाकऱ्या घेऊन निघालेले असतात.

आता हा उपग्रह दिसत का नाही, ते सांगते. बहुतेक उपग्रह पृथ्वीभोवती जवळून, जवळजवळ गोल फिरतात. आमच्या या दुर्बिणीची कक्षा मात्र लांबुळकी आहे, वांग्यापेक्षाही जास्त. एका टोकाला ती पृथ्वीच्या बऱ्यापैकी जवळ येते आणि दुसऱ्या टोकाला चंद्राच्या वाटेचा साधारण तिसरा हिस्सा ओलांडेल इतकी लांब जाते. गंमत तिच्या चालीत आहे. जवळ असते तेव्हा ती जीव खाऊन पळते. लांब जाईल तशी मंदावते आणि टोकाला जाऊन अगदी रेंगाळते. त्यामुळे तिचं बहुतेक आयुष्य लांबच जातं. जवळ येते ती तोंड दाखवण्यापुरती. आईला हे पहिल्यांदा समजावलं होतं तेव्हा तिने पोळी उलटता उलटता माझ्याकडे असं काही पाहिलं की मी विषयच बदलला.

लांब जाण्यात तिचा फायदा असतो. पृथ्वीच्या भोवती विद्युतभारित कणांचे पट्टे आहेत. त्यातून जाताना दुर्बिणीला काही धड दिसत नाही, उलट तिची नाजूक उपकरणं बिघडायची भीती. म्हणून जवळ यायची वेळ झाली की ती उपकरणं मिटून घेतात, खळ्यावर उपणणी चालू असताना आपण डोळ्यांवर रुमाल धरतो तसं. लांब, शांत जागी पोचली की पुन्हा उघडतात, आणि मग एकाच ताऱ्याकडे तासन्‌तास, मध्ये पृथ्वी आडवी न येता, बघता येतं. मला तिच्याबद्दल आपुलकी वाटते ती यामुळेच. माहेरच्या अंगणात पाऊल टाकलं की माझीही बरीचशी उपकरणं मिटतात. पगार किती, वजन का वाढलं, पोरगा बापावर गेला की कसं, हे सगळं मी डोळे मिटून ओलांडते आणि रविवारच्या गाडीत पुन्हा उघडते.

घरी पोचल्यावर आबा गोठ्यात जाऊन बसले. म्हशीला काही नको होतं, तरी तिला चारा घालत होते. त्यांच्या या अशा बसण्याचं मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर या माणसाने नानांपुढे कशाचीही बढाई मारली नव्हती. नानांचं घर आधी बांधलं गेलं, ट्रॅक्टर आधी आला, आता ड्रोन आला. आबांनी एकदाच तोंड उघडलं ते माझ्यासाठी, आणि आता त्यांचंच नाक कापलं जायची वेळ आली होती.

मी फोन काढून बघितलं आणि उडीच मारली. माणसं राहतात ते अंतराळ स्थानक त्याच संध्याकाळी आमच्या गावावरून जाणार होतं. ते खालून, जवळून जातं. मावळलेल्या सूर्याचा उजेड त्याच्यावर पडतो आणि ते चांगलं ठळक दिसतं, कुणालाही, चष्म्याशिवाय. मी गोठ्यात गेले आणि आबांच्या कानाशी लागून सांगितलं की आज दुसरं एक दिसणार आहे. ते आपलं नाही. पण लोकांना आपलं वाटलं तर वाटू द्यावं, आपण आपल्या तोंडाने काही बोलू नये.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "हां," म्हणाले, आणि म्हशीपुढचा चारा सारखा केला.

संध्याकाळी शेत भरून गेलं. आमच्याकडे भरीत पुरुष करतात. एरवी पाण्याचा पेलाही हाताने न घेणारे लोक त्या दिवशी आचारी होतात आणि बायका बांधावर बसून नावं ठेवतात. वेचून झालेल्या कापसाच्या काड्यांचा जाळ केला होता. वांगी त्यात करपत होती, सालं काढून लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचली जात होती, आणि ठेचणाऱ्याला चौघे जण सूचना देत होते. आई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकऱ्यांची टोपली मांडीजवळ घेऊन बसली होती. नाना धुतलेली टोपी घालून आले होते. खाट नेमकी पूर्वेकडे तोंड करून ठेवली आणि त्यावर बसले.

"बोल बेटा," ते मला म्हणाले, "काय काम करस तुनं यंत्र? मन्हा ड्रोन फवारा मारस."

मी क्ष-किरणांचं सांगायला घेतलं तर नाना जांभई द्यायला लागले. मग मी त्यांना त्यांच्या छतावरच्या टीव्हीच्या छत्रीची आठवण दिली. ती छत्री दक्षिणेकडच्या आभाळात एकाच जागी बघत बसलेली असते, कारण तिचा उपग्रह विषुववृत्तावर एकाच जागी थांबलेला दिसतो. पण जसजसं उत्तरेला जावं तसतशी ती छत्री खाली वाकत जाते. अगदी उत्तरेच्या बर्फाळ देशांत तर ती शेजाऱ्याच्या भिंतीकडेच बघायला लागेल. त्या लोकांनी फोन कसे करायचे? तर तिकडे असेच लांबुळक्या कक्षेतले उपग्रह कामाला येतात. लांबचं टोक बरोबर उत्तर गोलार्धावर येईल अशी त्यांची कक्षा ठेवतात. तिथे ते तासन्‌तास रेंगाळतात आणि तेवढा वेळ लोकांचं बोलणं इकडून तिकडे पोचवतात. एक खाली पळायला लागला की दुसरा वर येऊन त्याची जागा घेतो.

"म्हंजे पाण्यानी पाळी," एक जण म्हणाला.

"थ्री फेज लाईटनी पाळी," दुसरा म्हणाला.

"लाइटसारखं नही," मी म्हटलं, "हाई टाइमवर येस." यावर सगळे हसले, आणि शेतीच्या विजेवर थोडा वेळ मनसोक्त तोंडसुख घेतलं गेलं.

नानांच्या सुनेनं विचारलं ते मला आवडलं. तिच्या ड्रोनची बॅटरी एवढ्यात संपते, तर हे यंत्र चार्जिंगला खाली कधी उतरतं? मी सांगितलं की उतरतच नाही, उन्हावर चालतं, आणि लांब असल्यामुळे पृथ्वीच्या सावलीत फारसं सापडतही नाही. तिने नानांकडे पाहून नुसतीच मान हलवली. मग तिने विचारलं की टोकाला जाऊन ते थांबतं कसं, पडत का नाही?

तेव्हा आई बांधावरून म्हणाली, "आखाजीना झोका."

मी इतकी वर्षं वर्गात फळ्यावर लंबवर्तुळं काढतेय आणि हे मला सुचलं नव्हतं, असं लिहायला छान वाटलं असतं, पण मला ते लहानपणीच सुचलेलं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या दारच्या कडुलिंबाला आबा झोका बांधायचे. गावात सगळ्यांत लांब दोरी आमच्या झोक्याची. खालून जाताना तो असा सूंऽ करून जायचा की आई, अंगण, कोंबड्या सगळ्याची एकच रेघ व्हायची. आणि वर टोकाला गेलं की क्षणभर सगळं थांबायचं. तिथून नानांच्या कौलांच्या पलीकडे थेट रेल्वेचा रूळ दिसायचा, आणि नशीब असलं तर गाडीही. गाडीत बसून कुठेतरी लांब जायचं, हे मी त्या झोक्यावर ठरवलं. शेजारच्या बायका आबांना म्हणायच्या, पोरीचा झोका एवढा लांब बांधू नका. आबा ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी तेवढाच लांब बांधायचे.

सूर्य गेला. जाळ बसत आला. भरीत तयार होतं, पण वाढायला कुणी घेईना, कारण आधी यंत्र बघायचं असं ठरलेलं. सगळ्यांच्या माना वर. माझं लक्ष मात्र आबांकडे होतं. ते सगळ्यांच्या मागे, हातात भरिताचा पळा घेऊन उभे होते.

आणि ते आलं. वायव्येकडून, चांगलं तेजस्वी, न लुकलुकता, सरळ डोक्यावरून निघालं. एकच ओरडा झाला. बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी टाळ्या वाजवल्या. नाना खाटेवरून उठले, टोपी सावरली, आणि खाली उतरत जाणाऱ्या त्या उजेडाकडे बघत मोठ्या मनाने म्हणाले, "मानं भो आबा तुले! तुनी आंडेर खरी!"

झालं. आबा जिंकले होते. आता फक्त गप्प बसायचं होतं. मी भाकरीच्या टोपलीकडे वळलेही होते.

"हाई आपलं नही," आबा म्हणाले.

मला वाटलं, मी चुकून ऐकलं. पण ते पळा हातात घेऊन पुढे येत होते. "हाई पयी गयं ते आपलं नही. ते दुसरं. आपलं तठे शे." त्यांनी पळ्यानेच पूर्वेकडे, नानांच्या शेतातल्या लिंबाच्या शेंड्यावर दाखवलं. तिथे काळंभोर आभाळ होतं आणि दुसरं काही नव्हतं. "दिखत नही. पन शे." दिसत नाही, पण आहे.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. नानांनी बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग आबांकडे. त्यांच्या आवाजात आता टोमणा नव्हता, खरंच कळेना म्हणून ते विचारत होते. "दिखत नही, मंग शे कशावरून?"

"मनी आंडेर सांगस म्हनीसन," आबा म्हणाले.

माझी मुलगी सांगते म्हणून. बस, एवढंच. गोठ्यात याच माणसाच्या कानात मी काय सांगितलं होतं ते आठवून मला जमिनीत जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मी ते काड्यांच्या धुरावर ढकललं. मला शाबासक्या मिळाल्या आहेत, वर्गात, परिषदांत, सगळीकडे. पण माझ्या शब्दावर आपली सगळी पत कुणी अशी ठेवलेली मी पाहिली नव्हती.

नानांनी टोपी काढून झटकली. मग खाटेवर बसले आणि म्हणाले, "मंग शे ते शे. वाढ."

त्यानंतर जी हसाहस सुरू झाली ती भरीत संपेपर्यंत थांबली नाही. मीठ कमी पडलं तर कुणी म्हणालं, "शे, पन दिखत नही." भाकरी संपली तेव्हा तेच. त्या दिवसापासून गावात हे चालूच आहे. लाईट गेली, एसटी आली नाही, रस्त्यावरचं डांबर उडालं, की लोक आबांकडे बघून म्हणतात, "शे, पन दिखत नही." आबाही हसतात. पण जेवताना त्या संध्याकाळी त्यांनी ताट घेतलं ते त्या लिंबाकडे तोंड करून, आणि थोड्या वेळाने पाहिलं तर नानांनीही आपली खाट तिकडेच ओढून घेतली होती. दोघे म्हातारे शेजारी-शेजारी बसून काहीही नसलेल्या आभाळाकडे बघत भरीत खात होते.

सकाळी आबा मला स्टेशनावर सोडायला आले. आईने दारात तिचं नेहमीचं वाक्य म्हटलं, पण या वेळी पुढे जोडलं की लांब राहा, पण फोन करत जा. गाडी आली. मी खिडकीशी जागा धरली. आबा फलाटावर एका अनोळखी माणसाशी बोलत उभे होते. गाडी हलली तसा त्यांनी हात वर केला, आणि मी उलट हात हलवला. मग लक्षात आलं की ते मला निरोप देतच नव्हते. ते त्या माणसाला आकाशात काहीतरी दाखवत होते. पूर्वेकडे, मालधक्क्याच्या छपरावर, काल दाखवलेल्या उंचीवर.

जागा साफ चुकली होती. दुर्बीण पहाटेच पश्चिमेला मावळली होती, आणि त्या वेळी तिथे सूर्याशिवाय काहीही नव्हतं. तो अनोळखी माणूस डोळे बारीक करून एकदा आभाळाकडे आणि एकदा आबांकडे बघत होता. तेवढ्यात आबांनी माझ्या खिडकीकडे बोट केलं, बहुधा कोण सांगतं ते सांगायला, आणि त्या माणसाची नजर माझ्याकडे वळली.

मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मालधक्क्याच्या वरच्या त्याच जागेकडे बोट दाखवलं.